अकाली सुरकुत्या आणि आपल्या सवयी

धाराशिवच्या बाजारात पस्तिशीतच पन्नाशीचे दिसणारे चेहरे आम्हांस नित्य आढळतात. लोक त्याचा बोल दैवास लावतात. आमच्या मते दोष बव्हंशी सवयींचा आहे. भर दुपारी उघड्या तोंडाने हिंडल्यास सूर्याचे अतिनील किरण त्वचेस ताठ राखणारे तंतू तोडतात. विडीच्या धुराने रक्तवाहिन्या आकसून त्वचेचे पोषण घटते. परंतु सर्वांत घातक खोड गोरेपणाच्या हव्यासाची! त्यापायी लोक मिळेल ते मलम महिनोन्‌महिने तोंडास चोपडतात. त्यात स्टिरॉइड असल्यास चेहरा आरंभी उजळतो, पुढे कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात. २०१८ साली सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही गिऱ्हाईक मागते म्हणून ती देणारा दुकानदार व्यापार करीत नाही, अपाय विकतो.

शेतमजुरास ऊन चुकत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून दुपारच्या विसाव्याची व सावलीची सोय करणे हे मालकाचे कर्तव्य होय. इतरांनी निदान रुमाल, पदर वा छत्री वापरावी आणि विडी सोडावी. वार्धक्य यावयाचेच, त्यास आगाऊ आमंत्रण कशास?