प्रतिरोधी व्यायाम

प्रतिरोधी व्यायाम : बाह्य भार किंवा स्वतःच्या शरीराचे वजन यांच्या विरोधात स्नायूंना काम करावयास लावणारा व्यायामप्रकार. तालमीतील जोर, बैठका व मुद्‌गल फिरविणे हे व्यायाम याच वर्गात मोडतात. अमेरिकन लष्करी वैद्य टॉमस डीलॉर्म यांनी जायबंदी सैनिकांच्या उपचारांत क्रमाने भार वाढविण्याची पद्धती अवलंबिली व १९४५ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. सवयीपेक्षा अधिक ताण पडल्यास स्नायुतंतूंत प्रथिनांची भर पडून ते जाड होतात. ताण तोच राहिल्यास वाढ खुंटते.

मेद घटण्यासाठी मात्र आहारातील ऊर्जा खर्चापेक्षा कमी असावी लागते. शरीरातील १ किग्रॅ. मेदसाठ्यात सु. ७,७०० किलोकॅलरी असतात. नुसत्या उपासाने वजन उतरते हे खरे. पण मेदाबरोबर स्नायूही झिजतात आणि वजनकाटा हा भेद दाखवीत नाही. उतारवयात ही झीज विशेष घातक, कारण आधाराविना उठणेही कठीण होते. भारव्यायाम व पुरेशी प्रथिने यांमुळे ती बरीच टळते. सर्वसाधारण प्रौढास दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. ०·८ ग्रॅ. प्रथिने पुरतात, भारव्यायाम करणाऱ्यास सु. १·६ ग्रॅ.पर्यंत उपयोगी पडतात. मूत्रपिंडविकार असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून हे प्रमाण वाढवू नये. नवशिक्यांत मेद घटत असतानाच स्नायू वाढू शकतात. मुरलेल्या व्यायामपटूंत असे क्वचितच घडते.