धिक्कारणे

‘धिक्’ हे संस्कृतातील अव्यय तीव्र तिरस्कार दर्शविते. त्याला ‘कार’ जोडून ‘धिक्कार’ हा शब्द सिद्ध झाला व त्यावरून मराठीत ‘धिक्कारणे’ हे क्रियापद रूढ झाले. ‘लोकांनी अन्यायाला धिक्कारले’ किंवा ‘लोकांनी अन्यायाचा धिक्कार केला’, असा त्याचा उपयोग करतात.

निंदा आणि धिक्कार यांत मोठे अंतर आहे. निंदा पाठीमागे, दबल्या आवाजात करता येते. धिक्कार मात्र उघडपणे करावा लागतो, आणि प्रसंगी त्याची किंमतही मोजावी लागते. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत नि:शस्त्र लोकांवर गोळीबार झाला. तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपल्या ‘सर’ या पदवीचा त्याग केला. त्यांनी अपशब्द वापरला नाही. तरी त्याहून प्रखर धिक्कार कोणता असू शकेल?

विद्यार्थिमित्रांनो, हा शब्द जपून वापरावा. सोबत्याचे उत्तर चुकले, तर तो धिक्काराचा विषय नव्हे. पण दुबळ्याचा कोणी छळ करीत असेल, तर मुकाट्याने पाहत राहू नये. धिक्कारावे ते दुष्कृत्याला. माणसाला मात्र सुधारण्याची वाट मोकळी ठेवावी.