टाकी मोठी, टेन्शन छोटं!

मी मूळची वावरची, नोकरीमुळे मुंबईकर. आमच्या मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी 2014 पासून मुंबईला मिळतं, पण नळाला येतं ते क्लोरीन घेऊनच! गोल्डफिश दोन फुटी टाकीतून चार फुटीत हलवताना मी आधी ॲन्टिक्लोरीन आणलं. क्लोरीन कल्ले तर जाळतोच, शिवाय फिल्टरमधले बॅक्टेरियाही मारतो. माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात ते हेच. नव्या टाकीत ते नसतात, म्हणून पाणी काचेसारखं स्वच्छ दिसूनही मासे दगावतात. तेव्हा जुना स्पंज नळाखाली न धुता नव्या फिल्टरमध्ये टाका, महिनाभर खाणं बेतानं द्या. टेस्ट किटमध्ये अमोनिया दिसला, की पाव टाकी पाणी बदला. आणि नवे मासे? जरा दम धरा, बॉस!