ऑपरेशनच्या आधीची यादी वाचून घ्या



लग्न जुळले की आधी याद्या होतात. देणे-घेणे, मानपान, सारे चार माणसांसमोर कागदावर येते. मागाहून कोणी म्हणायला नको, की हे राहिले अन् ते राहिले. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधीही अशीच यादी असते. मालेगाव तालुक्यात ज्या जोडप्यांनी कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करून घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी ती नीट समजून घ्यावी.

एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांना यादी कशाला, असे कोणी विचारील. घाईगर्दीत विसर कोणालाही पडतो, म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची यादी काढली. त्या कामाचे पुढारपण डॉ. अतुल गावंडे यांनी केले. ते अमेरिकेत सर्जन. पण त्यांचे वडील आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. आधी शंभरातील ११ रोग्यांना ऑपरेशननंतर मोठा त्रास होत असे, तो ७ जणांवर आला. हजारी १५ रोगी दगावत, ते ८ वर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. भूल देण्याआधी नाव, ऑपरेशन आणि न सोसणारे औषध विचारायचे; चिरा देण्याआधी पुन्हा खात्री करायची; रोगी बाहेर नेण्याआधी सुया, बोळे, हत्यारे मोजायची. तेव्हा पुन्हा पुन्हा नाव विचारले म्हणून वैतागू नका.

नसबंदीसाठी तर वेगळी यादी भरलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. तरी २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूरकडे एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली. तिकडच्या शिबिरांनंतर किमान १३ जणी दगावल्या. उरकणे हा शब्द ऑपरेशनला शोभत नाही. २०१६ साली न्यायालयाने पुन्हा बजावले : यादी रोग्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा, आणि विचार करायला तासभर वेळ द्या. म्हणून वाचून दाखवल्याशिवाय अंगठा करू नका. मन बदलले तर उठून घरी जाता येते. सही ज्याचे ऑपरेशन त्याचीच. नवऱ्याची लागत नाही.

आता तुमचा वाटा. बाई, पाळीची तारीख खरी सांगा. दिवस गेलेले असतील तर ते आधीच कळले पाहिजे. दमा, फिट, हृदयाचा आजार, आधीचे ऑपरेशन, चालू गोळ्या, काही लपवू नका. उपाशीपोटी या म्हटले की उपाशीच या. घोटभर चहाने काय होते, म्हणून घरची मंडळी पाजतात. पण भुलेत उलटी होऊन ती छातीत गेली तर जीवावर बेतते. रक्त ७ ग्रॅमपेक्षा कमी भरले तर ऑपरेशन पुढे ढकलतात. मजुरी बुडते हे खरे, पण तेच बरोबर आहे.

आणि भाऊ, सगळे बाईवरच का? पुरुषाचे बिनटाक्याचे ऑपरेशन याहून सोपे. जागेपुरती भूल, त्याच दिवशी घरी. मात्र पुढे तीन महिने निरोध वापरायचा आणि तपासणी करून घ्यायची.

घरी गेल्यावर ताप आला, पोट फुगले, दुखणे वाढले किंवा जखमेतून पू-रक्त आले, तर सकाळची वाट पाहू नका. मिळालेला कागद घेऊन लगेच दवाखान्यात या.