पर्यावरणकार्यासाठी निधी आणि अभ्यासवृत्त्या : कोठे व कशा मागाव्यात?



मंडळाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही वर्षे करीत आहोत. वैद्यकीय, अभियांत्रिकी, संगणक यांची चौकशी करणारे पुष्कळ येतात. तळे, जंगल, पक्षी, नदी यांवर काम करावयाचे आहे, त्याला कोणी पैसे देते काय, असे विचारणारा वर्षातून एखादाच येतो. आणि तोही जरा ओशाळूनच विचारतो. ही कामे पोट भरलेल्यांची, असा समज आपल्यात रुजला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अशा कामाला निधी देणाऱ्या संस्था जगात बऱ्याच आहेत आणि गावात राहून काम करणारी माणसेच त्यांतील काहींना हवी असतात. आपले घोडे अडते ते मागण्याच्या रीतीपाशी.

आधी एक भेद ध्यानात घ्यावा. शिक्षणासाठी व्यक्तीला मिळते ती अभ्यासवृत्ती, प्रत्यक्ष कामासाठी मिळते ते अनुदान, आणि झालेल्या कामाचा गौरव म्हणून मिळतो तो पुरस्कार. पुरस्कार सहसा मागून मिळत नाही. अमेरिकेतील गोल्डमन पुरस्कार १९९० पासून दिला जातो. १९९२ साली तो मेधा पाटकर यांना मिळाला होता. त्यासाठी स्वतः अर्ज करताच येत नाही, दुसऱ्यांनी नाव सुचवावे लागते. तेव्हा नवख्याने अशा मोठ्या नावांच्या मागे धावून वर्ष घालवू नये. सुरुवात लहान अनुदानापासून करावी.

लहान अनुदानात प्रथम नाव घ्यावे ते ब्रिटनमधील रफर्ड फाउंडेशनचे. विकसनशील देशांतील निसर्गसंवर्धनाच्या छोट्या कामांना ही संस्था पैसे देते. पहिले काम नीट पार पाडले की पुढच्या, मोठ्या टप्प्यासाठी पुन्हा मागता येते. परिषदेला जाण्याचा खर्च, महाविद्यालयाची फी, किंवा संवर्धनाशी संबंध नसलेले निव्वळ संशोधन यांना मात्र तेथे थारा नाही. आम्हाला या संस्थेची सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. आजवर कोणाकोणाला पैसे दिले आणि त्यांनी काय केले, याचे अहवाल तिने आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवले आहेत. भारतातील कामे त्यांत पुष्कळ आहेत. अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या भागाजवळचे चारपाच अहवाल वाचावेत. कोणत्याही मार्गदर्शनपर व्याख्यानापेक्षा त्यातून अधिक कळते.

आम्ही स्वतः एकदा एका परदेशी निधीकडे अर्ज केला होता. समाजात पर्यावरणाविषयी जागृती करणे, हा उद्देश. कार्यक्रम म्हणून वृक्षारोपण, चित्रकला स्पर्धा आणि पथनाट्य. दोन ओळींचा नकार आला. आपली ओळख नाही, वशिला नाही, म्हणून डावलले, अशी चर्चा तेव्हा आमच्यात झाली. पुढे वर्षभराने तोच कागद पुन्हा वाचला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्याला पैसे दिले नसते. तो अर्ज कोणत्याही गावाचा होता, म्हणून कोणत्याच गावाचा नव्हता.

तोच अर्ज कसा लिहायला हवा होता? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांच्या काठाशी बेशरम माजते, पाणवनस्पती मरतात, देशी मासे कमी होतात आणि ढिवर बांधवांच्या जाळ्यात काही येत नाही. समजा, एखाद्याने असे लिहिले : अमुक तालुक्यातील या सहा तलावांपैकी तिनांतील बेशरम पावसापूर्वी उपटू, स्थानिक पाणवनस्पती लावू, उरलेले तीन तसेच ठेवू, आणि दोन वर्षे दर महिन्याला पक्षी व मासे मोजून फरक पाहू. मोजणार कोण, तर मासेमार सहकारी संस्थेचे सभासद. आता वाचणाऱ्याला तलाव दिसतो, माणसे दिसतात, आणि काम झाले की नाही हे ताडून पाहण्याचे मापही हाती येते. पैसे संपल्यावर हे कोण चालवणार, हा प्रश्न प्रत्येक अर्जात असतोच. आपल्या मुलांजवळ याचे उत्तर घरातच असते. शहरातील अर्जदाराला ते शोधावे लागते.

शिफारस देणारी माणसे हाही अडचणीचा विषय. रफर्डला अशी तीन नावे लागतात. आपले काम पाहिलेले प्राध्यापक, जाणता पक्षिअभ्यासक, वन खात्यातील अधिकारी अशी माणसे निवडावीत. अर्जाच्या आदल्या दिवशी त्यांचा दरवाजा ठोठावू नये. आमदारांचे पत्र येथे चालत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे ते हटकून आणले जाते.

तीन किंवा अधिक जणांचा गट असेल तर कन्झर्वेशन लीडरशिप प्रोग्रॅमची जाहिरात निघते का, यावर लक्ष ठेवावे. १९८५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम नवख्या कार्यकर्त्यांच्या गटांसाठी आहे. विशिष्ट एखादी प्राणी वा वनस्पती जात वाचवायची असेल तर अबू धाबीतील मोहम्मद बिन झायेद निधी पाहावा. गावसंस्थांसाठी जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून आहे.

लहान काम कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण आसामचे आहे. कामरूप जिल्ह्यातील हरगिला हा थोराड करकोचा लोकांना अशुभ वाटे. त्याच्या घरट्यांची झाडे तोडली जात. पूर्णिमादेवी बर्मन यांनी पीएच.डी. लांबणीवर टाकून गावातील बायकांना एकत्र केले, त्यांच्या मागावर हरगिलाची नक्षी आणली. २०१७ साली त्यांना ब्रिटनच्या व्हिटली निधीचा पुरस्कार मिळाला आणि २०२४ साली त्याच निधीचा एक लाख पौंडांचा सुवर्ण पुरस्कार. ज्या पक्ष्याला लोक हाकलत होते, त्याच्या नावाने आज तेथील बायका 'हरगिला सेना' म्हणवून घेतात.

आता कायद्याची बाजू. येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मंजूर झालेला पैसा येथेच अडकतो. परदेशी देणगी घेण्यासाठी संस्थेची २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी हवी. ती मिळण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, आणि नोंदणी असलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या नावावर घेऊन आपल्या मंडळाला देण्याची जुनी वाट बंद झाली. आमच्या परिचयातील एका गावमंडळाला होकाराचे पत्र आले, गावात पेढे वाटले गेले, आणि नोंदणी नसल्यामुळे नकार कळवावा लागला. तेव्हा पैसा कोणत्या खात्यात आणि कोणत्या नियमाने येणार, हे निधी देणाऱ्याला व सनदी लेखापालाला आधी विचारावे.

अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात काम असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तिला महिने लागू शकतात. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे विचारणा केल्याशिवाय पाऊल उचलू नये.

उच्च शिक्षणाविषयी थोडक्यात. युरोपातील इरॅस्मस मुंडस पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पर्यावरणाचे अनेक विषय आहेत आणि निवड झाल्यास फी व राहणे दोन्ही भागते. निसर्गसंवर्धनातील तरुण भारतीयांसाठी पक्षिशास्त्रज्ञ रवि शंकरन यांच्या नावाने इनलॅक्स संस्थेची अभ्यासवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. बौद्ध विद्यार्थ्यांनी जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला वर्ष सुरू होताच तयार ठेवावा. २०२२ पासून या योजनेत भारतीय संस्कृती, इतिहास व भारतातील समाज यांवरील विषयांना मनाई झाली. पर्यावरणशास्त्राला ही आडकाठी नाही. परंतु मासेमारांच्या जीवनाचा अभ्यास, असा विषय लिहिला तर अडचण येऊ शकते. त्यामुळे विषयाचे नाव विचारपूर्वक ठेवावे.

अर्जासाठी आगाऊ फी मागणाऱ्या 'संस्थे'ला एक रुपयाही देऊ नये. येथे उल्लेखिलेल्या कोणत्याही अनुदानासाठी मध्यस्थाची गरज नाही.

राहिली इंग्रजी. मसुदा आधी मराठीत लिहावा, काय करणार आहोत ते स्वतःला पटेपर्यंत खोडावा, आणि मग भाषांतर करावे. रविवारी सकाळी कार्यालयात आमच्यापैकी दोघे-तिघे बसलेले असतात. मराठी मसुदा आणला तरी चालेल. सोबत तलावाचे वा टेकडीचे नाव तेवढे असू द्यावे.