घरशाळेतल्या बाईंना सुट्टी कधी?

शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेची बातमी यंदाही आली. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ती येतेच. वीटभट्ट्या, बांधकामांच्या साइट, रेल्वे स्टेशनं, सिग्नल इथली मुलं शोधून शाळेत आणायला शिक्षक बाहेर पडतात, आणि ते आवश्यकच आहे. पण याच मोहिमेतला एखादा शिक्षक एखाद्या बऱ्यापैकी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवतो, तेव्हा गंमत होते. सकाळचे अकरा वाजलेत, दहा वर्षांचा मुलगा जमिनीवर पालथा पडून नकाशा रंगवतोय, आणि आई ओला हात पदराला पुसत सांगते, "हा घरीच शिकतो, सर." हे उत्तर कुठल्या रकान्यात बसवायचं? ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी असं सर्वेक्षण झालं, तेव्हा मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. होमस्कूलिंगवाल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची की नाही, याचं उत्तर अजून पक्कं नाही.

कायद्याचं कीर्तन इथे लावत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यातल्या कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे, आणि ते केलं नाही तर पालकांना शिक्षा काय, यावर कायदा गप्प आहे. होमस्कूलिंग करणारी कुटुंबं त्या गप्प बसण्याच्या आधाराने राहतात. पुढे दहावीचं म्हणाल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची जुनी वाट आहे. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे ज्याला 'एनआयओएस' म्हणतात ती आहे. तिथे वयाची १४ वर्षं पुरी झाली की दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच विषय पुरतात. थोडक्यात, मुलाचं काही ना काही होतं.

मला प्रश्न पडतो तो त्या ओल्या हाताचा. होमस्कूलिंगवर कुठेही चर्चा झाली की विषय ठरलेले असतात: मुलाचं कुतूहल, घोकंपट्टी, परीक्षा, मंडळ, आणि अर्थातच "त्याला मित्र कसे मिळणार?" घरात ही शाळा चालवायला जी बाई लागते, तिचा दिवस कसा जातो, हे कुणी विचारत नाही.

तो असा जातो. शाळेची व्हॅन कोपऱ्यावरून वळली की एरवी घरातल्या बाईला चार-पाच तास मिळतात. त्यात बँक, भाजी, धुणं, सावकाश प्यायलेला एक चहा, आणि नोकरी असेल तर नोकरी. होमस्कूलिंगच्या घरात हे तासच नाहीत. डबा वाचतो असं बाहेरच्यांना वाटतं. पण डबा सकाळी एकदाच भरायचा असतो. घरी असलेल्या मुलाला दहा वाजता भूक लागते, साडेअकराला लागते, आणि जेवण झाल्यावर तासाभरात "आई, काहीतरी खायला दे" सुरू होतं. मधे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, सिलिंडरवाल्याला ओटीपी सांगायचा, आणि धाकटी दादाच्या वहीवर स्केचपेनने काय करतेय ते बघायचं. घर दोन खोल्यांचं असेल तर जेवणाच्या टेबलावर एका टोकाला भूगोल आणि दुसऱ्या टोकाला निवडायला घेतलेली मेथी.

घरकामातून शिक्षण होतं, याबद्दल मला शंका नाही. उलट काही गोष्टी तिथेच चांगल्या होतात. महावितरणचं बिल घ्या: शंभर युनिटपर्यंत एक दर, तिथून तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी वेगळे. पाचवी-सहावीच्या वयाच्या मुलाने स्वतः मीटर वाचून महिन्याचं बिल काढायचं ठरवलं, तर गुणाकार, बेरीज, दशांश आणि एसी कुणी किती वेळ लावला यावरचं भांडण असं सगळं एकाच बैठकीत होतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफच्या रूपात फुकट मिळतात. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा खजिना आहे. घरात आजोबा असतील तर पावकी-निमकीही होते, आणि हल्ली ती शाळेत होत नाही. सामग्रीची वाण नाही. वाण आहे ती वेळेची. दूधवाल्याचा जो हिशेब आई दोन मिनिटांत उरकते, तोच मुलाला समजावत करायला अर्धा तास लागतो. पोळी लाटायला शिकवायची तर पोळ्या नेहमीच्या वेळेत होत नाहीत. "घरकामातून शिकवा" म्हणणारे हा जादा अर्धा तास कुणाच्या दिवसातून घेतात, ते सांगत नाहीत.

मित्रांचा प्रश्नही लोक समजतात तसा नाही. होमस्कूलिंगचं मूल दुपारी मोकळं असतं. अडचण ही की तेव्हा दुसरं कुणीच मोकळं नसतं. सोसायटीतली मुलं शाळेतून येतात, ट्यूशनला जातात, आणि सहाला खाली उतरतात तेव्हा आठ वाजेपर्यंतचा वेळ उरतो. मग मुलाला माणसं मिळावीत म्हणून पोहणं, तबला, बुद्धिबळ असे वर्ग लावले जातात. शाळेची फी वाचली म्हणता म्हणता ती तिकडे जाते, आणि मुलाला स्कूटरवरून सोडायला-आणायला पुन्हा आईच. लेकरू आनंदात असतं, हे खरं. पण शाळेत बाई आजारी पडल्या तर दुसऱ्या बाई वर्गावर येतात. इथे बाईंना ताप आला तरी वर्ग त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच उशाशी भरतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं नवं खूळ आहे, अमेरिकेतून आलेलं. तसं नाही, आणि इथे मला जरा रमायचं आहे.

मराठी इतिहासातलं होमस्कूलिंगचं सगळ्यात थोर उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. तिच्या विद्वत्तेबद्दल सगळ्यांना माहीत असतं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, हेही शाळेत शिकवतात. तिला शिकवलं कुणी, असं विचारलं तर बहुतेक जण वडिलांचं, अनंतशास्त्री डोंगरे यांचं नाव घेतात. अनंतशास्त्रींनी एक मोठं काम नक्कीच केलं: त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईला, संस्कृत शिकवलं. नातेवाईक आणि शास्त्रीमंडळी त्यावर इतकी खवळली की ते बिऱ्हाड घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मली. पण ती शिकण्याच्या वयाची झाली तोवर शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते. लेकीला शिकवलं ते आईने.

आणि कधी शिकवलं? पहाटे. दिवस उजाडल्यावर लक्ष्मीबाईला वेळच नव्हता. घरात विद्यार्थी, येणारे-जाणारे यात्रेकरू, म्हातारा नवरा, मुलं. सगळ्यांची उस्तवार तिच्याकडे. म्हणून अंधार असतानाच ती झोपाळू पोरीला गोड बोलून उठवायची, जवळ घ्यायची आणि पुस्तकाशिवाय, नुसतं तोंडी, श्लोक म्हणवून घ्यायची. रमाबाईच्या 'द हाय कास्ट हिंदू वूमन' या १८८७ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही हकिगत आली आहे. रमाबाईने ते पुस्तक अर्पण केलं आहे आईला. पुढे कुटुंब पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत भारतभर हिंडलं. तेव्हाही शिकवणं थांबलं नाही. भागवताचे हजारो श्लोक पाठ असलेली ही मुलगी कुठल्याही शाळेत एक दिवस गेली नव्हती. दुष्काळाच्या दिवसांत, उपासमारीतच, आई-वडील गेले. आपल्याकडे चौकाचौकांत पुतळे आहेत, लक्ष्मीबाई डोंगरे हे नाव मात्र पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेतही सापडत नाही. मला तर ती या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात विलक्षण व्यक्ती वाटते. स्वतः लग्नानंतर शिकली, त्यापायी समाजातून उठली, आणि स्वयंपाक-पाण्याआधीच्या काळोखात एक पंडिता घडवली.

तिची झोप किती व्हायची, याची नोंद अर्थातच कुणी ठेवली नाही.

याच्या उलट टोकाला गांधीजी. त्यांनीही मुलांना रूढ शाळेत घातलं नाही, घरी शिकवायचं ठरवलं. जोहान्सबर्गला ऑफिसला चालत जाताना मुलांना बरोबर घ्यायचे आणि वाटेत गुजरातीतून बोलत शिकवायचे. कल्पना सुरेख होती. पण त्यांच्या आत्मकथेतच कबुली आहे की मुलांच्या पुस्तकी शिक्षणाला हवा तितका वेळ आपण देऊ शकलो नाही, आणि थोरल्या मुलाच्या मनात त्याचा सल राहिला. घरी शिकवण्याचा निर्णय वडिलांचा आणि तास मात्र कुणाच्याच वाट्याचे नाहीत, असं झालं की काय होतं, त्याचा हा दाखला आहे.

आजच्या घरांत निर्णय बहुधा दोघांचा असतो, तास आईचे. यात होमस्कूलिंगवाल्या बापांना वेगळं बोल लावण्यात अर्थ नाही, देशाचाच हिशेब तसा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. मुलं शाळेत जात असतानाची ही स्थिती आहे. यावर दिवसाचे चार तास शिकवणी चढवून बघा.

२०१६ मध्ये मुंबईच्या मालविका जोशीची बातमी झाली होती, ती आठवत असेल. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना, संगणकाच्या ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर ती थेट एमआयटीत गेली. सातवीत तिला आईनेच शाळेतून काढलं होतं. तेव्हापासून होमस्कूलिंगच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण तिचं नाव घेतो, आणि घ्यावंच. त्याच बातमीत एक ओळ अशीही होती की तिच्या आईने कॅन्सर रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली नोकरी सोडली आणि घरी अभ्यासक्रम आखायला बसली. मथळ्यात एमआयटी आली, नोकरी आतल्या परिच्छेदात राहिली.

कोविडच्या काळात घरोघर शाळा भरली होती, त्याला मी होमस्कूलिंग म्हणणार नाही. ती शाळाच होती, मोबाइलवर आलेली. पण त्या दीड-दोन वर्षांत बऱ्याच आयांना एक गोष्ट कळली की शाळा शिकवते त्याहून मोठं काम करते: ती मुलांना रोज काही तास सांभाळते. हे जरा खालच्या पातळीचं कौतुक वाटेल, पण ज्या घरात दोन पगारांशिवाय हप्ता भागत नाही, तिथे त्याची किंमत विचारा.

आणखी एक गोष्ट होमस्कूलिंगच्या मेळाव्यांत फारशी निघत नाही. महाराष्ट्रात शाळेचं रजिस्टर हा साधा कागद नाही. जन्मतारीख, जात, रहिवास या सगळ्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जातवैधतेच्या समितीपुढे तर आजोबांचा चौथीतला दाखलाही शोधून काढावा लागतो. ज्यांना या कागदावर पुढचं शिक्षण आणि नोकरी उभी करायची आहे, त्या घरांना "शाळा हवीच कशाला?" हा प्रश्न परवडत नाही. सरकारी शाळेत दुपारची खिचडी मिळते म्हणून मुलीला पाठवणाऱ्या आईलाही नाही. होमस्कूलिंग हा हौसेचा मामला आहे असं मी म्हणत नाही. कित्येक घरांत शाळेतल्या छळामुळे, किंवा मुलाच्या विशेष गरजा शाळेला झेपत नाहीत म्हणून नाइलाजाने ते सुरू होतं. पण कागदपत्रं, पगार आणि नवरा या तिन्हींची भक्कम बाजू असल्याशिवाय ते निभत नाही.

तेव्हा या जूनमध्ये तुमच्या घरी हा विचार चालू असेल, तर मुलाचा अभ्यासक्रम नंतर आखा. आधी दाखला हातात घ्या आणि लॅमिनेट न करता जपून ठेवा. मग एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहा, आणि कुठल्या दिवशी कोणता विषय बाबा घेणार, स्वयंपाक कोण करणार, आणि आईला पूर्ण सुट्टी कुठल्या वारी, ते दोघांनी बसून भरा. सुट्टीच्या रकान्यात एकही वार लिहिता आला नाही, तर मुलाला शाळेतच राहू द्या.