चप्पल घ्यावी तळ पाहून

मे महिन्याच्या उकाड्यात बंद बुटांत पाय उबू लागले, की पुरुषवर्ग एका रुंद पट्ट्याच्या, मागून मोकळ्या चपलांकडे वळतो. दुकानदार त्यांना ‘स्लायडर’ म्हणतात; जुन्या पिढीच्या सपातांचेच हे नवे रूप. जर्मनीच्या आदिदास कंपनीने १९७२ मध्ये अशी चप्पल बाजारात आणली, ती खेळाडूंनी सामन्यानंतर न्हाणीघरात वापरावी म्हणून. आज ती बाजारहाटापासून प्रवासापर्यंत सर्वत्र दिसते. खरेदीच्या वेळी मात्र रंग, पट्टा आणि मऊपणा पाहिला जातो. तळ उलटून क्वचितच कोणी पाहतो. उन्हाळ्यात घेतलेला हाच जोड जूनमध्ये ओल्या लादीवर येतो आणि तेथे त्याची खरी परीक्षा होते. तरुणाचे मुक्या मारावर निभावते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले, तर त्याचे चालणे-फिरणेच थांबू शकते.

पाय का घसरतो?

ओल्या लादीवर पाऊल पडते तेव्हा तळ आणि लादी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. तो बाजूला सरला नाही, तर तळाला लादीचा आधार मिळत नाही. तळावरील खाचा हे पाणी बाहेर काढून देतात. त्यासाठी त्या खोल हव्यात आणि कडेपर्यंत मोकळ्या हव्यात. नुसती उथळ नक्षी उपयोगाची नाही. साबणाचे पाणी असेल तर घसरण आणखी वाढते.

साहित्य कोणते?

बहुतेक स्लायडर ‘ईव्हीए’ या फेसासारख्या हलक्या पदार्थाचे असतात. त्यातील हवेचे कप्पे बंद असल्याने तो पाणी फारसे शोषत नाही व लवकर वाळतो. मात्र गुळगुळीत ओल्या लादीवर त्याची पकड सामान्यतः चांगल्या रबराइतकी नसते. तो लवकर झिजतो, आणि कडक उन्हात किंवा मोटारीच्या तापलेल्या डिकीत राहिल्यास आकसतो. म्हणून वर ईव्हीए आणि खाली रबराचा थर, अशी जोडणी उत्तम. पॉलियुरेथेनचा तळ आरामदायी असला, तरी दमट हवेत तो कालांतराने आतून कमकुवत होतो. माळ्यावर ठेवलेला जोड पायात घालताच त्याचे तुकडे पडतात, ते यामुळेच. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल कोरड्या उन्हाळ्यात सुखावह ठरते. पण तिचे कातडे पाण्यात खराब होते.

माप आणि पट्टा

दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि दोन्ही पायांत चप्पल घालून पाहावी. टाच व बोटे तळाच्या कडेबाहेर जाता कामा नयेत. दुकानात दहा-वीस पावले चालावे. चप्पल टिकवण्यासाठी बोटे आवळावी लागत असतील, तर पट्टा सैल आहे असे समजावे. पट्टा कमी-अधिक करता येणारा असल्यास सोयीचे. तळव्याखालचा भाग किंचित खरखरीत हवा. अन्यथा चप्पल जागेवर राहते आणि ओला पाय तिच्या आतच घसरतो. अंगठ्याने दाबल्यावर तळ फार खचत असेल, तर तो मऊपणा फार काळ टिकत नाही.

कोठे टाळाव्यात?

मागे पट्टा नसल्याने धावत गाडी पकडताना, जिना घाईने उतरताना किंवा दुचाकी चालवताना या चपला धोक्याच्या ठरतात. तुंबलेल्या पाण्यात तर त्या नकोच. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या लहानशा जखमेवाटेही, लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी उघड्या स्लायडरऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद पादत्राणे घ्यावीत. आत शिरलेला खडा किंवा झालेली जखम त्यांना लवकर कळत नाही.

अखेरचा मुद्दा घरातलाच आहे. बाहेर वापरून झिजलेली चप्पल ‘मोरीत चालेल’ म्हणून ठेवून देण्याची सवय अनेक घरांत असते, आणि बहुधा ती घरातील ज्येष्ठांच्याच पायात येते. घरातील सर्वांत निसरड्या जागी सर्वांत गुळगुळीत तळ, असा हा उलटा व्यवहार आहे. खाचा पुसल्या गेल्या, की ती चप्पल टाकून द्यावी आणि न्हाणीघरासाठी नवा जोड आणावा. काटकसरीला इतर जागा पुष्कळ आहेत.